वर्तमानावर कादंबरी लिहिताना घाई नेमकी कशाची करावी?

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून आधी त्याचा गोषवारा देते. २०२०च्या महामारीवर तुम्ही कादंबरी लिहायला घेतलीत. ती हातावेगळी होईपर्यंत युद्धं पेटली, सरकारं बदलली, यंत्रं गोष्टी लिहायला लागली. एका प्रकाशकाने 'लोकांना आता तो काळ नकोसा झालाय' असं म्हणून बाड साभार परत केलं. आता तुम्ही विचारताय की विषय शिळा झाला का, ताज्या घटना घालून तो आजचा करावा का, वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःच छापून मोकळं व्हावं का, आणि कादंबरीत आलेल्या खऱ्या पुढाऱ्यांची नावं ठेवावीत की बदलावीत.

शिळा झालेला नाही. मला तर वाटतं, तुम्ही थोडे लवकरच पोचलात.

१९१८च्या इन्फ्लुएन्झाने एकट्या भारतात एक कोटीहून जास्त माणसं नेली. पण त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या कथा-कादंबऱ्या चाळून बघा, पहिलं महायुद्ध पदोपदी भेटतं आणि साथ शोधावी लागते. अमेरिकेत कॅथरीन अ‍ॅन पोर्टर या लेखिका त्या साथीत मरता मरता वाचल्या. त्यावरची त्यांची दीर्घकथा 'पेल हॉर्स, पेल रायडर' पुस्तकात आली ती १९३९ साली. आपल्याकडे हिंदीतले कवी निराला यांची पत्नी आणि घरातली आणखी माणसं त्याच साथीत गेली. गंगेत प्रेतांचा खच पडलेला त्यांनी पाहिला. त्याचं वर्णन 'कुल्ली भाट'मध्ये येतं, तेही साधारण वीस वर्षांनी. दोन खंड, दोन भाषा, एकमेकांशी काही संबंध नाही, आणि मधलं अंतर जवळजवळ सारखं.

याचं माझं स्पष्टीकरण असं: संकट चालू असताना ते कुणाला सांगावं लागत नाही, कारण सगळेच त्यात असतात. संपल्यावर काही वर्षं कुणाला ऐकायचं नसतं. मग ज्यांना ते आठवतच नाही अशी माणसं वाचू लागतात आणि तेव्हा कुठे सांगण्याला ऐकणारा मिळतो. तुम्ही सध्या मधल्या टप्प्यात उभे आहात. प्रकाशकाचं बोलणं त्याच्या या वर्षीच्या खातेवहीपुरतं खरं आहे, आणि त्याने खातेवही बघावी यात गैर काही नाही. फक्त तो पुस्तकावरचा अभिप्राय समजून घरी आणू नका.

बातमीचा कादंबरीला खरा उपयोग कुठे होतो, हे भीष्म साहनींच्या 'तमस'कडे पाहिलं की कळतं. कादंबरी आहे १९४७च्या सुमाराला रावळपिंडीच्या भागात झालेल्या दंगलींची. साहनींनी ते दिवस स्वतः पाहिले होते, पण वीस-बावीस वर्षं ते लिहिलं नव्हतं. १९७०मध्ये भिवंडीत दंगल झाली, ते तिथे गेले, जळलेल्या वस्तीतून फिरले, आणि रावळपिंडी वर आली. भिवंडीवर त्यांनी कादंबरी लिहिली नाही. भिवंडीने त्यांना लिहायला बसवलं. पुढे १९८८मध्ये तिच्यावरची मालिका दूरदर्शनवर लागली तेव्हा ती थांबवण्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. चाळीस वर्षांपूर्वीच्या घटनेवरची गोष्ट त्या दिवशी पुन्हा ताजी बातमी झाली होती.

इंग्रज लेखक डॅनियल डिफोचंही तेच. लंडनच्या १६६५च्या प्लेगवरचं त्याचं पुस्तक १७२२चं आहे. प्लेग आला तेव्हा तो पाचेक वर्षांचा पोर होता. पण १७२०मध्ये मार्सेय बंदरात प्लेग शिरला, लंडनला धडकी भरली, आणि डिफोने जुना प्लेग असा लिहिला की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस वही घेऊन गल्लोगल्ली फिरत होता.

म्हणजे सगळ्यांनी वीस-वीस वर्षं थांबावं का? तसं म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा मला कंटाळा येतो. थांबण्यात पुण्य नाही. थांबलेल्या पुष्कळ कादंबऱ्या लेखकाबरोबरच जातात. इरेन नेमिरोव्स्की या फ्रान्समधल्या ज्यू लेखिकेने जून १९४०मध्ये पॅरिस सोडून पळणाऱ्या लोकांवर लिहायला घेतलं ते पुढच्या वर्षा-दोन वर्षांतच, जर्मनांनी व्यापलेल्या गावात बसून, कागद पुरावा म्हणून मुंगीएवढ्या अक्षरात. पाच भागांची योजना होती. दोन झाले. शेवटच्या भागांबद्दलची तिची टिपणं वाचण्यासारखी आहेत, कारण पुढे काय लिहायचं हे पुढे प्रत्यक्षात काय घडतं त्यावर ठरणार होतं आणि तिला त्याची पुरती जाणीव होती. जुलै १९४२मध्ये तिला अटक झाली, ऑगस्टमध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीत तिचा मृत्यू झाला. वही मुलींनी सांभाळली, ती छापून आली २००४मध्ये, 'स्वीत फ्रान्सेझ' या नावाने.

इतक्या ताज्या घटनेवरचं पुस्तक साठ वर्षांनी न शिणता वाचता येतं, ते का? त्यात सैन्याच्या हालचाली जवळजवळ नाहीत. एक सुखवस्तू कुटुंब आहे. त्यांनी सामान बांधलंय, मुलं, नोकर, सगळा बारदाना गोळा केलाय, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर घरच्या बाईच्या लक्षात येतं की आपण सासऱ्यांना मागेच विसरलो. एक गृहस्थ आहे, त्याचा जीव त्याच्या चिनी मातीच्या भांड्यांत अडकलाय. एका देशाचा पराभव नेमिरोव्स्कीने विसरलेल्या म्हाताऱ्यातून आणि जपून गुंडाळलेल्या भांड्यांतून दाखवला. तो म्हातारा तुम्हाला कुठल्याही युद्धात सापडेल.

आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर अ‍ॅली स्मिथचं घ्या. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का यावरचं, म्हणजे ब्रेक्झिटचं, सार्वमत झालं २३ जून २०१६ला, आणि त्याचं सावट असलेली तिची 'ऑटम' ऑक्टोबर २०१६मध्ये दुकानात होती. चार महिने! पण कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे एकशे एक वर्षांचा झोपलेला म्हातारा आणि त्याच्याशी लहानपणापासून मैत्री असलेली एक बाई. देशाचं काय झालंय हे कळतं ते ही बाई पासपोर्टचा अर्ज द्यायला पोस्टात जाते तेव्हा. काउंटरवरचा माणूस मोजपट्टी लावून सांगतो की फोटोत तुमच्या चेहऱ्याचं माप चुकलंय. विनोदी प्रसंग आहे, आणि त्या वेळी त्या देशात पासपोर्ट या वस्तूला काय अर्थ आला होता हे आठवलं की हसू घशातच राहतं.

मग घाई कशाची करायची? टिपणांची. मोठ्या गोष्टी कुठे पळून जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२०ला महामारी हा शब्द वापरला, ब्रिटनमध्ये फायझरची लस चाचण्यांबाहेर पहिल्यांदा ८ डिसेंबर २०२०ला टोचली, हे कुणीही कधीही शोधू शकतं. पुसलं जातं ते बारीकसारीक. भाज्या साबणाच्या पाण्याने धुवायच्या की नुसत्या, यावरून घराघरांत झालेली भांडणं. मोबाइलवर दिसणारे अंत्यसंस्कार, नेटवर्क गेल्यावर थिजलेलं चित्र, आणि ते थिजलंय की माणसंच स्तब्ध उभी आहेत हे न कळणं. मुखपट्टीमुळे समोरचा हसतोय का रागावलाय हे भुवयांवरून ओळखायची लागलेली सवय. घरातले जुने निरोप फोनमध्ये असतील तर ते आजच उतरवून ठेवा, कारण फोन बदलला की ते जातात, आणि तारखेनिशी ठेवा. आत्ता सुरू असलेल्या घटनांबद्दलही असंच करा. त्यांची कादंबरी होईल की नाही, हे आज ठरवू नका.

तुम्ही पाठवलेल्या पहिल्या प्रकरणातलं वाक्य घेऊन दाखवते. तुम्ही लिहिलंय: 'मार्च २०२०मध्ये जगभर टाळेबंदी जाहीर झाली आणि तिचं आयुष्य कायमचं बदलून गेलं.' यात चूक काहीच नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. हे वाक्य लाखो माणसांबद्दल लिहिता येईल. शिवाय आयुष्य बदलल्याचं तुम्हीच सांगून टाकल्यावर वाचकाला बघायला काय उरलं? मी ते असं लिहून पाहिलं: 'तिने कोपराने कडी ढकलली. आईला जाऊन वर्ष झालं होतं, घरात आता कुणाला जपायचं नव्हतं, तरी कोपरच पुढे जात होता.' टाळेबंदी हा शब्द गेला, साल गेलं. पण वाचकाला काळ कळला, मृत्यू कळला, आणि बाईही थोडी कळली. पन्नास वर्षांनी ज्याला २०२० म्हणजे काय हे माहीत नसेल, त्यालाही निदान इतकं कळेल की ही कुणाला तरी जपत होती आणि ते पुरलं नाही. तुमच्या बाडात अशी बातमीवजा वाक्यं बरीच आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीलाच ती येतात, वृत्तनिवेदक येऊन बसावा तशी. बहुतेक तर नुसती उडवली तरी भागेल.

आता ताज्या घटना घालण्याबद्दल. घालू नका. युद्ध, निवडणूक आणि एआय तिन्ही आणलीत तर कादंबरीचा वर्षअखेरचा विशेषांक होईल. त्याऐवजी कादंबरीचा शेवटचा दिवस ठरवा. समजा, तो जून २०२१मधला आहे. मग त्यानंतरचं काहीही आतल्या कुणालाही माहीत असता कामा नये. हे बोलायला सोपं आहे, पण पाळताना भलेभले घसरतात, कारण लेखकाला पुढचं माहीत असतं आणि ते पात्रांच्या अंगात झिरपतं. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात जानेवारी २०२०मध्ये एक डॉक्टर 'कोव्हिड' म्हणतात. ते नावच ११ फेब्रुवारी २०२०ला ठेवलं गेलं. एप्रिल २०२०मधला तुमचा नायक म्हणतो, 'पहिली लाट ओसरेल.' लाटा मोजायच्या असतात हे त्याला कुणी सांगितलं? ओमिक्रॉनला नाव मिळालं २६ नोव्हेंबर २०२१ला, तो तर तुमच्या कादंबरीत नकोच. पेन्सिल घेऊन एकदा फक्त एवढ्यासाठी बाड वाचा की कुणाला काय माहीत आहे आणि ते त्या दिवशी माहीत असणं शक्य होतं का. नुसत्या तारखांच्या दुरुस्तीसाठी मी हे सांगत नाही. पुढचं काही माहीत नसणं हीच त्या काळाची भीती होती. पात्रांना पुढचं कळलं की तुमच्या पानांतली भीतीच निघून जाते.

मतांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बाड वाचून राहवत नाही. सरकारांनी काय चुका केल्या याबद्दल तुमची ठाम मतं आहेत आणि त्यातली बरीच मला पटतात. ती लेखात लिहा. आठशे शब्दांत, नावानिशी, आकड्यांसह, या आठवड्यात. लेखाला ताजेपणा शोभतो. कादंबरीत मात्र ज्याच्याबद्दल तुमचं अजून ठरत नाहीये ते आणा. तुमच्या कादंबरीतला तो गृहसंकुलाचा अध्यक्ष, जो परिचारिकेला घरात शिरू देत नाही, तो सध्या नुसता खलनायक आहे. त्याला एक प्रसंग द्या, त्याच्या बाजूने, होता होईल तेवढा चांगला लिहून. घरी त्याची डायलिसिसवरची बायको असू शकते. हे लिहिल्यावरही तो तुम्हाला चूक वाटला तर उत्तम, फक्त आता वाचकालाही ते स्वतःचं स्वतः ठरवावं लागेल.

छापण्याचं बोलू. नेहमीच्या वाटेने गेलात तर स्वीकार झाल्यापासून पुस्तक हातात यायला वर्ष सहज जातं, दोनही जातात. हा वेळ सगळाच काही वाया गेलेला नसतो. त्यात संपादन होतं, अक्षरजुळणी, दोन-तीनदा प्रुफं, मुखपृष्ठ, विक्रेत्यांना आगाऊ सूचना. काही भाग निव्वळ रांगेचा असतो, तेही मान्य. एक व्यवहारातली गोष्ट लक्षात ठेवा: पानं लागल्यावर परिच्छेद घालायचा हट्ट करू नका. एक परिच्छेद वाढला की पुढची पानं सरकतात, आणि पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जात असेल तर शेवटी दोन पानांसाठी नवा फर्मा उघडायची वेळ येते. ताजी बातमी घालण्याचा मोह नेमका प्रुफं हातात असतानाच होतो.

स्वतः छापण्यात कमीपणा काही नाही. मागणीनुसार छपाईमुळे हजार प्रती घरात रचून ठेवायचीही गरज उरलेली नाही. पण 'लवकर व्हावं' एवढंच कारण असेल तर मी परावृत्त करेन. ज्याला खरोखर लवकर यायचंय ते लहान असावं. फाळणीनंतर लगेच, १९४८मध्ये, मंटोने 'सियाह हाशिये' काढलं, त्यातले काही मजकूर जेमतेम दोन-चार ओळींचे आहेत. 'टोबा टेकसिंह' ही मोठी कथा आली ती त्यानंतर काही वर्षांनी. तुमच्याकडेही एक-दोन प्रकरणं अशी आहेत की कथा म्हणून सुटी उभी राहतील. ती मासिकांना, दिवाळी अंकांना पाठवा आणि कादंबरीला तिच्या गतीने जाऊ द्या.

नकाराचा अर्थ लावताना ऑर्वेलचा अनुभव उपयोगी पडतो. 'अ‍ॅनिमल फार्म' फेब्रुवारी १९४४मध्ये लिहून तयार होती. ती सोव्हिएत राजवटीची खिल्ली उडवणारी गोष्ट, आणि सोव्हिएत संघ तेव्हा ब्रिटनचा दोस्त, म्हणून एकामागून एक प्रकाशकांनी नाही म्हटलं. एकाने तर घ्यायचं ठरवून सरकारी अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून माघार घेतली. फेबर या प्रकाशनसंस्थेतून नकाराचं पत्र लिहिलं कवी टी. एस. एलियटने, म्हणजे वाचता न येणाऱ्या माणसाने नक्कीच नाही. पुस्तक निघालं १७ ऑगस्ट १९४५ला, युद्ध संपता संपता, आणि काही महिन्यांतच जगाचं वारं असं फिरलं की तेच पुस्तक हवंहवंसं झालं. दीड वर्षात मजकूर तोच होता. म्हणून नकार आला की मी आधी तारीख बघते आणि मग कारण वाचते. त्याचबरोबर हेही सांगायला हवं की प्रत्येक परत आलेलं बाड 'अ‍ॅनिमल फार्म' नसतं. तीन वेगवेगळ्या वाचकांनी एकाच प्रकरणावर बोट ठेवलं तर जगाच्या वाऱ्याला दोष देऊ नका.

करार समोर येईल तेव्हा मात्र सावकाश वाचा. रॉयल्टीच्या टक्क्यांवर सगळे भांडतात, पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती दोन कलमं: पुस्तक छपाईबाहेर गेलं तर हक्क तुमच्याकडे कधी परत येतात, आणि मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी देण्याचा हक्क कुणाकडे राहतो. हे दुसरं कलम आता हवेतलं राहिलेलं नाही. २०२५मध्ये अमेरिकेत अँथ्रॉपिक कंपनीने चोरट्या संग्रहांतून उतरवलेल्या पुस्तकांबद्दलचा लेखकांचा दावा दीड अब्ज डॉलरवर मिटवला, दर पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. पण पैसे मिळायचे तर पुस्तकाची तिथे वेळेत रीतसर कॉपीराइट नोंदणी झालेली असणं ही अट होती. कागदपत्रांचा आळस महागात पडला तो असा.

उरला नावांचा प्रश्न. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही ओळ पहिल्या पानावर टाकली की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. ही ओळ रूढ झाली त्यामागे एक खटला आहे. रशियन झारच्या दरबारातल्या रास्पुतिनवरच्या १९३२च्या एका हॉलिवुडपटातल्या राजकुमारीला प्रेक्षकांनी ओळखलं, खरी राजकुमारी हयात होती, तिने लंडनच्या न्यायालयात एमजीएम या चित्रपट कंपनीवर दावा लावला आणि १९३४मध्ये जिंकली. चित्रपटात तिचं नाव बदललेलं होतं! न्यायालयाने बघितलं ते एवढंच की लोक तिला ओळखतात का. तुमच्या कादंबरीत नाव बदललेला पुढारी त्याच्या टोपीवरून, बोलण्याच्या लकबीवरून आणि मतदारसंघावरून ओळखू येत असेल, तर नाव बदलून फार काही साधलेलं नाही. कित्येक देशांत बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे, आणि बहुतेक करारांत अशा खर्चाची जबाबदारी लेखकावर टाकणारं कलम असतं. तेही शोधा.

अर्थात सगळी काळजी घेऊनही काय पेटेल ते सांगता येत नाही. पेरुमाळ मुरुगन यांची 'मादोरुबागन' ही कादंबरी २०१०मध्ये तमिळमध्ये आली आणि चार वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. इंग्रजी भाषांतरानंतर, २०१४च्या अखेरीला, गदारोळ उठला. जानेवारी २०१५मध्ये त्यांनी आपल्यातला लेखक मेल्याचं जाहीर केलं, आणि मद्रास उच्च न्यायालयाने ५ जुलै २०१६ला त्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा ते परतले. अशा गोष्टींच्या धास्तीने आधीच कात्री चालवायला मी सांगणार नाही. पण तुमच्या पुढाऱ्याच्या बाबतीत धास्तीचा प्रश्नच नाही, तो कादंबरीत कशासाठी आहे हेच मला कळलेलं नाही. त्याची दोन भाषणं तुम्ही जवळजवळ पूर्ण दिली आहेत, ती काढा. शेजारच्या घरातल्या टीव्हीवरून त्याचा आवाज भिंतीतून ऐकू येतोय, शब्द नीट लागत नाहीत, एवढं पुरेल. आणि नाव ठेवायचंच असेल तर जे त्याने जाहीरपणे बोलल्याची, केल्याची नोंद आहे तेवढंच ठेवा. बंद दाराआड त्याने बायकोला काय सांगितलं, हे सातव्या प्रकरणातलं पान फाडून टाका.